कौलांचं पोट

तिला सगळे गटारडॉक्टर म्हणायचे, आणि तिनं त्याचा राग कधी धरला नाही. उलट एखाद्या नव्या माणसानं चुकून ‘मॅडम’ म्हटलं, तर ती आधी मागं वळून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून. दवाखाना मोठा. वरच्या मजल्यांवर माणसांचे डॉक्टर, आणि मागच्या अंगाला, चादरी वाळत घालायच्या दोऱ्यांच्या पलीकडं, सांडपाण्याचा प्लांट. तिथं ही. नोकरीच्या कागदावर ‘रसायनतज्ज्ञ’, पण तो शब्द उच्चारायची कुणाला सवड नव्हती.

“तुम्ही पेशंटला एकदा बघता,” ती वरच्यांना सुनवायची. “मी दोनदा बघते. आत काय गेलं तेही आणि बाहेर काय आलं तेही.”

जेवणाच्या सुट्टीत हे ऐकलं की वरचे लोक डब्याचं झाकण लावायचे. ही मात्र निवांत जेवायची.

हिचा बाप रंगारी होता. घरं रंगवायचा. हात साफ, काम चोख, तरी त्याच्या वाट्याला एक बोल कायम यायचा. उन्हाकडच्या भिंतीचा रंग दोनतीन वर्षांत भुसभुशीत व्हायचा. हात फिरवला की तळवा पांढरा. सावलीकडची भिंत मात्र तशीच्या तशी. घरमालक म्हणायचे, “रंगात पाणी घातलंस, लबाडा.” बाप गप्प बसायचा. पोरगी गप्प बसायची नाही. एका घरमालकाला ती अंगणात उभी राहून म्हणाली होती, “मग मागच्या भिंतीत नाही घातलं का पाणी? तिथं काय घातलं, दूध?” बापानं तिला दंडाला धरून घरी आणली, आणि रस्ताभर हसत होता.

कॉलेजात गेल्यावर तिला कळलं, दोष बापाचा नव्हता. रंगात जी पांढरी भुकटी असते, टायटॅनियम नावाच्या धातूची, ती उन्हात शांत बसत नाही. ऊन खाते आणि शेजारी जे सापडेल ते कुरतडते. रंगाला धरून ठेवणारा चिकटपणाच ती खाऊन टाकते, मग रंगाचा भुगा होतो. भुकटी स्वतः मात्र संपत नाही, तिचं काही झिजत नाही. ती आपली पुढच्या घासाला तयार. वर्गात सरांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. हिच्या मनात मात्र एकच आलं: माझ्या बापाला लबाड म्हणाले ते ह्या भुकटीपायी. आता हिला कामाला लावल्याशिवाय सोडायची नाही.

काम सापडायला बरीच वर्षं गेली. लग्न झालं, शाळेत शिकवून झालं. मग दिराच्या पायाला साधं गळू झालं आणि ते काही केल्या बरं होईना. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. जंतू ढिम्म. दीर वाचला, पण अजून एक पाय ओढत चालतो. हिनं डॉक्टरांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या तेव्हा त्यातला एक वैतागून म्हणाला, “बाई, जंतूंना औषध नवं राहिलेलं नाही. आम्ही देतो त्यातलं निम्मंअर्धं लघवीवाटे गटारात जातं. तिथं ते जंतू रोज थोडं थोडं चाटतात आणि सरावतात.”

शाळा सोडून ती गटारावर आली ती अशी.

घरी, दवाखान्याच्याच आवारातल्या क्वार्टरमध्ये, सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. त्यांचे गुडघे दुखायचे, रोज गोळी लागायची.

“आई, आज गोळी घेतली?”

“घेतली. तुझ्या गटाराला विचार, पोचली का.”

“पोचेल दुपारपर्यंत. निम्मी तर तशीच बाहेर पडते.”

“निम्मी? मग तो औषधवाला अख्खीचे पैसे का घेतो गं? जाब विचारायला हवा एकदा.” सासूबाई पाय चोळत म्हणायच्या. “आणि सूनबाई, जगात एवढी शिकलेली माणसं असताना माझी गोळी पकडायचं काम तुझ्याच नशिबी आलं होय?”

“तुमची म्हणून मुद्दाम मागून घेतलं.”

“घे, घे. बोलण्यात काही हार जायची नाहीस.”

प्लांटमध्ये घाण खाली बसायची, जंतू उरलेली घाण खायचे, पाणी दिसायला नितळ व्हायचं आणि पुढं कालव्यात जायचं. कालव्यावर भाजीचे मळे. औषधं मात्र त्या नितळ पाण्यात जशीच्या तशी. डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला येत नाहीत. दिसायची ती फक्त वरच्या प्रयोगशाळेतल्या मशीनला. बाटलीतलं थेंबभर पाणी मशीनला पाजलं की पडद्यावर रेघ धावायची, आणि प्रत्येक औषधापाशी एक सुळका उभा करायची. जेवढं औषध, तेवढा उंच सुळका. ते मशीन चालवणारी मशीनताई हिची मैत्रीण.

हिनं पांढरी भुकटी घेतली. नुसती भुकटी उन्हातला थोडासाच भाग खाते, बाकीचं ऊन वाया जातं. म्हणून तिच्यात लोखंडाची चिमूट मिसळली. भुकटीचा रंग फिकट बदामी झाला आणि तिची भूक वाढली. पण भुकटी पाण्यात सोडली तर पाण्याबरोबर वाहून जाणार. मग जुनी छपराची कौलं आणली, त्यांच्यावर भुकटीचा लेप दिला, आणि ओळखीतल्या एका कुंभारणीच्या विजेच्या भट्टीत ती भाजून घेतली. लेप कौलाला असा बसला की नखानं निघेना. प्लांटच्या गच्चीवर उतार करून कौलं मांडली. वरून पाण्याचा पातळ पदर सोडायचा, कौलांवरून तो घरंगळत खाली यायचा, वरून ऊन. खाली आलेलं पाणी बाटलीत.

दवाखान्याचा कारभार बघणारे मोठे साहेब पहिल्यांदा गच्चीवर आले तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाले, “हे काय, गटाराला घर बांधताय? कौलंसुद्धा घातली?”

त्यांना ती गच्ची जनरेटरसाठी हवी होती. पण मशीनताईच्या पहिल्याच कागदावर, पाण्यात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या दुखण्याच्या गोळीचा सुळका झोपला. वरच्या बाटलीत डोंगर, खालच्या बाटलीत टेकाडसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. साहेबांचा आवाज बदलला. जनरेटरचं नाव निघेनासं झालं. दवाखान्यांची कामं मंजूर करणाऱ्या सरकारी समितीला त्यांनी स्वतः पत्र पाठवलं, या, बघा, आमच्या दवाखान्यानं काय केलंय. भिंतीवर लावायच्या पाटीचा मजकूरही त्यांनी लिहून ठेवला. त्यात हिचं नाव खाली होतं, बारीक अक्षरांत.

मग दोन दिवस आभाळ भरून आलं. पाऊस नाही, पण ऊनही नाही. सगळं कसं राखाडी. पंपावरचा माणूस, ज्याला सगळे पंप्या म्हणत, त्यानं सवयीनं बाटल्या भरल्या आणि वर नेऊन दिल्या. मशीनताईनं कागद पाठवला. सुळका झोपलेला.

“बघा!” पंप्या खूश. “आपली कौलं बिनउन्हाची पण पळतात.”

तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिनं आभाळाकडं बघितलं.

ऊन नव्हतं तर भुकटीनं खाल्लं काय? काहीच नाही. मग औषध गेलं कुठं? ती उठली आणि गच्चीवर जाऊन कौलांसमोर उभी राहिली. कौल म्हणजे भाजलेली माती. माती पाणी पिते, आणि पाण्यात असेल ते धरून ठेवते. औषध तुटलं नव्हतं. ते कौलांत जाऊन बसलं होतं, पाहुण्यासारखं.

ह्या कामातला पहिला धडाच तो. आधी अंधारात बघायचं किती चिकटतंय, आणि चिकटणं थांबलं की मगच उजेड द्यायचा. लॅबमध्ये हे कुणी विसरत नाही, कारण तिथं दिव्याला बटण असतं. ते दाबण्याआधी हात थबकतो. गच्चीवर बटण नव्हतं. सकाळी कौलं मांडली, ऊन होतंच, पाणी सोडलं. तिनं स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली. पंप्या चार पावलं मागं सरला.

“मॅडम, मला?”

“तुला नाही रे. आणि मॅडम म्हणू नकोस, आज तर मुळीच नको.”

मोठ्या साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पंख्याकडं बघत.

“पाण्यातून औषध गेलं की नाही?”

“गेलं नाही साहेब. बसलंय.”

“कुठं?”

“कौलांत.”

“मग बसू दे की! बसलेल्याला उठवता कशाला?”

“त्यांचं पोट भरलं की पुढचं औषध जसंच्या तसं खाली येणार. आणि स्वच्छ पाणी सोडलं की आधी गिळलेलंही ओकणार, सगळं एकदम. कालव्यात.”

“कधी?”

“महिन्याभरात म्हणा.”

“समिती शुक्रवारी येतेय,” साहेब म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच त्या वाक्यानं धीर आल्यासारखा दिसला. “शुक्रवारी पोट भरणार नाही ना? मग झालं तर.”

“मला कौलं झाकायचीयत. ताडपत्री टाकून, रात्रंदिवस पाणी सोडून त्यांना पोटभर पाजते. खालचा सुळका वरच्याइतका झाला की ताडपत्री काढते. त्यानंतर उन्हात जे कमी होईल तेच खरं.”

“म्हणजे समितीला तुम्ही ताडपत्री दाखवणार?”

“हो.”

“आणि काही कमी नाही झालं तर?”

हेच तिनं गच्चीवर स्वतःला विचारलं होतं. नाही झालं कमी, तर गच्चीवर जनरेटर येणार, कौलं कचऱ्यात जाणार, आणि दुसऱ्यांदा असं काही मांडायला ह्या आवारात तिला वीतभर जागा कुणी देणार नाही.

“तर नाही झालं म्हणून सांगेन.”

“बाई, तुमच्याच पायावर धोंडा तुम्ही पाडून घेताय.”

“पाय माझाच आहे ना?”

“ताडपत्री टाकायची नाही,” साहेब म्हणाले. “हा माझा हुकूम समजा.”

तिनं समजला. संध्याकाळी घरी गेली आणि सासूबाईंना म्हणाली, “आई, आपल्याकडं मोठं कुलूप आहे का?”

सासूबाईंनी सगळी हकीकत काढून घेतली. नवरा भाजी निवडत होता, तो हात थांबवून म्हणाला, “नोकरीवरून काढलं तर गं?”

“काढतील तर काढतील.”

“काढू देत,” सासूबाई म्हणाल्या. “पण मला एक सांग, चूक तर तुझीच ना? मग तो सायेब झाकतोय तर झाकू द्यायचं सोडून तू का बोंब मारतेस?”

“माझी आहे म्हणूनच. दुसऱ्याची असती तर कदाचित गप्प बसले असते.”

“तू? गप्प?” सासूबाई हसून हसून खोकल्या. मग त्यांनी आपल्या ट्रंकेचं कुलूप काढून तिच्या पुढ्यात आदळलं. “हे ने. मोरीच्या दाराचं नेऊ नकोस, ते माझ्या फुंकरीनं उघडतं.”

सकाळी पंप्याच्या मदतीनं तिनं सगळी कौलं काळ्या ताडपत्रीखाली घातली, कडेला विटा ठेवल्या, गच्चीच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. साहेबांनी शिपाई पाठवला. ती म्हणाली, किल्ली हवी तर स्वतः येऊन काढून घ्या म्हणावं. साहेब आले नाहीत.

मग उलटेच दिवस सुरू झाले. रात्रंदिवस पाणी पाजायचं, रोज बाटली वर न्यायची आणि रोज निकाल बिघडण्याची वाट बघायची.

“आज सुळका वाढलाय,” मशीनताई फोनवर म्हणाली.

“किती?”

“निम्म्याला आलाय.”

“वा! आणखी येऊ दे.”

पंप्याला ह्याची सवय व्हायला वेळ लागला, पण झाली. मग तो जिन्यावरूनच ओरडायचा, “आज आणखी खराब!” आणि ही टाळी द्यायची. शुक्रवारी सकाळी वरची बाटली आणि खालची बाटली, दोन्हींचे सुळके खांद्याला खांदा लावून उभे होते. कौलांचं पोट भरलं होतं. आता ती आणखी काही गिळणार नव्हती.

समिती आली. पुढं अध्यक्षीणबाई, उंच, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलण्यात कमी. मागं चारपाच माणसं, आणि सगळ्यांना वाट दाखवत मोठे साहेब. तिनं दार उघडून ठेवलं होतं. साहेबांच्या हातात जुने कागद होते, झोपलेल्या सुळक्यांचे, गुळगुळीत फायलीत घातलेले.

“हे बघा,” त्यांनी फाईल पुढं केली, “जवळजवळ सगळं औषध…”

“तो कागद खोटा आहे,” ती म्हणाली.

पंप्यानं स्वतःच्या चपलांकडं बघायला सुरुवात केली.

“खोटा म्हणजे आकडे खरे आहेत, पण त्यांचा मी लावलेला अर्थ चुकला. औषध कौलांना चिकटत होतं, तुटत नव्हतं. हा आजचा कागद.” तिनं कमरेला खोचलेली घडी उलगडली. “हे वरचं पाणी, हे खालचं.”

अध्यक्षीणबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. “दोन्ही सारखेच दिसतायत.”

“सारखेच आहेत.”

“म्हणजे काहीच होत नाहीये?”

“ह्या घडीला काहीच होत नाहीये. एवढ्यासाठीच तर आठवडाभर जीव काढला.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. ती वळली, डावीकडच्या विटा तिनं पायानं सारल्या, आणि पंप्याला खूण केली. निम्म्या कौलांवरची ताडपत्री फडफडत निघाली. उजवीकडची निम्मी तिनं तशीच झाकून ठेवली. ऊन ओल्या बदामी कौलांवर पडलं तसं सगळ्यांनी डोळे बारीक केले.

“पाणी एकच. कौलं एकाच भट्टीतली. ह्यांना ऊन, त्यांना अंधार. दुपारी दोन्हीकडच्या बाटल्या भरते. उघड्या बाजूचं काही कमी झालं तर ते उन्हानं केलं. नाही झालं तर जनरेटर आणा, मी स्वतः जागा झाडून देते.”

“समितीच्या जेवणाची वेळ…” साहेब म्हणाले.

“जेवून या की. कौलं काही पळून जात नाहीत.”

सगळे गेले. अध्यक्षीणबाई तेवढ्या गेल्या नाहीत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक उलटी बादली होती, तिच्यावर बसल्या.

“भीती नाही वाटत?” त्यांनी विचारलं.

“वाटते.” तिनं दोन रिकाम्या बाटल्या विसळून घेतल्या. “पण भीत भीतही बाटली भरता येते.”

दुपारी मशीनताई स्वतः कागद घेऊन आली, जिना चढून धापा टाकत. तिचा चेहरा बघून काही कळेना. तिनं कागद सरळ मैत्रिणीच्या हातात दिला. अंधाराच्या बाजूचा सुळका सकाळइतकाच उंच. उन्हाच्या बाजूचा खाली उतरलेला. झोपलेला नव्हे, तिसरा हिस्सा कापला गेलेला.

तिनं तो कागद दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा. ही कमाई आधीच्या खोट्या कागदांपुढं चिमूटभर होती, पण अस्सल होती.

जेवून आलेली समिती कागदाभोवती गोळा झाली. साहेबांनी मान डोलावत म्हटलं, “तिसराच हिस्सा? त्या आधीच्या कागदावर…”

“तो कागद विसरा साहेब.”

“आणि हे काय?” अध्यक्षीणबाईंनी बोट ठेवलं. उतरलेल्या सुळक्याशेजारी दोन बारके नवे खुंट उगवले होते.

इथं गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. मशीनताईनं तिचा पदर हळूच ओढला.

“ते औषधाचे तुकडे,” ती म्हणाली. “औषध तुटतंय ह्याचा तोच पुरावा. पण ते तुकडे निरुपद्रवी आहेत की नाहीत हे मला अजून माहीत नाही. ते पुरते मोडेपर्यंत पाणी आणखी वेळ उन्हात ठेवायला लागणार. म्हणजे कौलं वाढवायला लागणार.”

“एका दिवसात बाईंनी आपलं यश गेलं म्हणून सांगितलं,” साहेब समितीकडं वळून म्हणाले, “मग थोडंसं आलं म्हणून सांगितलं, आणि आता त्यातही खोट आहे म्हणतायत. ह्यावर पाटी कसली लावायची?”

“लावू नका पाटी. मला कौलं द्या.”

अध्यक्षीणबाई उठल्या, साडीवरची धूळ झाडली. “जनरेटर दुसरीकडं बसतो का बघा,” त्या साहेबांना म्हणाल्या. “समितीचं लेखी उत्तर येईल. तोवर ह्या गच्चीला हात लावू नका.” मग हिच्याकडं बघून म्हणाल्या, “उत्तर काय येईल ते मी आज सांगू शकत नाही. बाकीच्यांना हा तिसरा हिस्सा कमीच वाटणार.”

“वाटू दे. मलाही कमीच वाटतो.”

समिती गाडीत बसली. साहेबांनी जाता जाता जिन्यात सांगितलं, हुकूम मोडल्याबद्दल नोटीस मिळेल. ती म्हणाली, मिळू दे, घेते.

सोमवारी सकाळी आवारात टेम्पो उभा होता. पाडलेल्या एका जुन्या शाळेच्या छपराची कौलं, मालक फेकून देणार होता ती; लेप आणि भट्टी नंतर, आधी गच्चीवरची जागा धरायची. नवरा एका टोकाला, पंप्या दुसऱ्या टोकाला, मधे ही, हातोहात ढीग जिन्यानं वर चढत होता. तिच्या तोंडाला लाल धूळ, केसांत धूळ, नाकाच्या शेंड्यावर धूळ. मोठे साहेब गाडीतून उतरले आणि तिथंच उभे राहिले.

“परवानगी आली का?” त्यांनी खालून विचारलं.

“यायचीय अजून.”

“मग हे काय चाललंय?”

“ती येईपर्यंत कौलं वर गेलेली बरी,” ती म्हणाली, आणि पंप्याच्या हातून पुढचं कौल घेतलं.